बटण दाबलं, दिवा मात्र उशिरा लागतो: वायरलेस स्विचमधला विलंब शोधायचा आणि घालवायचा कसा

बटण दाबल्यापासून साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत दिवा लागला, तर तो लगेच लागला असंच आपल्याला वाटतं. दोनशे-अडीचशेपर्यंतही फारसं कोणी कुरकुरत नाही. अर्धा सेकंद गेला की मात्र बोट आपसूक दुसऱ्यांदा बटणावर जातं आणि घोळ तिथेच होतो. पहिला संदेश रखडत पोहोचतो आणि दिवा लावतो, त्याच्या मागोमाग दुसरा येतो आणि तोच दिवा विझवतो. घरातल्या वयस्कर माणसाला वाटतं बटण बिघडलं. पाहुण्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. रात्री जिन्याच्या तोंडाशी अंधारात उभं राहून दिव्याची वाट पाहणं तर सरळसरळ धोक्याचं आहे. दिव्याच्या बटणाने ताबडतोब काम करावं ही अपेक्षा अगदी रास्त आहे, आणि बहुतेक घरांत नवीन काही विकत न घेता ती पूर्ण करता येते.

मात्र आधी एक सवय सोडावी लागते. दिवा उशिरा लागू लागला की लोक थेट रिपीटर (सिग्नल पुढे पोहोचवणारं यंत्र) आणतात, नाहीतर राउटर बदलतात. कारण न शोधता केलेला हा खर्च बऱ्याचदा वाया जातो. बटण दाबल्यावर संदेश आधी बटणातल्या रेडिओतून निघतो, वाटेतल्या एखाद-दुसऱ्या उपकरणातून हबकडे (घरातल्या स्मार्ट उपकरणांच्या मध्यवर्ती नियंत्रकाकडे) जातो, हब त्यावर ऑटोमेशन, म्हणजे आपण ठरवून दिलेला नियम, चालवतो, काही वेळा इंटरनेटवरच्या सर्व्हरलाही विचारून येतो, मग आदेश पुन्हा रेडिओवरून दिव्याकडे जातो, आणि शेवटी दिव्यातलं सर्किट चालू होतं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर वेळ जाऊ शकतो आणि निम्म्या टप्प्यांचा रेडिओशी काडीचाही संबंध नाही. म्हणून आधी टप्पा शोधायचा, उपाय नंतर.

आधी मोजा

मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्लो-मोशन असेल तर याहून चांगलं मोजमापाचं साधन लागत नाही. बोट, बटण आणि दिवा एकाच चौकटीत दिसतील असा फोन टेकवून ठेवा आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने चित्रण करा. बटण पूर्ण दाबलं गेलं त्या फ्रेमपासून उजेड दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद, त्यामुळे २४ फ्रेम झाल्या की १०० मिलिसेकंद. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवरही काम भागतं, तिथे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची धरायची.

हबच्या नोंदी थेट पडद्यावर दिसत असतील तर तो टॅबलेट किंवा लॅपटॉपही त्याच चौकटीत ठेवा. मग एकाच चित्रणात तीन गोष्टी दिसतात: बोट कधी पडलं, हबला दाबल्याची बातमी कधी मिळाली आणि उजेड कधी पडला. बातमीच उशिरा आली असेल तर दोष बटण ते हब या वाटेवर आहे. बातमी वेळेवर येऊन दिवा रखडला असेल तर दोष पुढच्या वाटेवर. पडद्यावर नोंद उमटायलाही थोडा वेळ जातो, म्हणून या रीतीने पन्नास-शंभर मिलिसेकंदांचा फरक पकडायला जाऊ नका. मोठा विलंब कुठल्या बाजूला आहे एवढं मात्र नक्की कळतं.

एकदा मोजून थांबू नका. एकाच बटणाचं वेगवेगळ्या वेळी मोजा आणि लिहून ठेवा, कारण विलंब किती आहे यापेक्षा तो कसा वागतो यावरून जास्त कळतं. दर वेळी जवळपास तेवढाच उशीर होत असेल, समजा कायम चारशे-साडेचारशे मिलिसेकंद, तर तो सहसा रेडिओचा दोष नसतो. कुठल्यातरी सेटिंगने तो मुद्दाम घातलेला असतो. कधी झटकन, कधी दोन सेकंदांनी, कधी लागतच नाही, असं असेल तर रेडिओ किंवा नेटवर्ककडे बोट दाखवता येतं. बराच वेळ न वापरल्यानंतरचा पहिलाच दाब रखडतो आणि पुढचे नीट चालतात, तेव्हा बॅटरीवर चालणारं बटण झोपेतून उठून पुन्हा जोडणी करतंय असं समजा. एकच बटण त्रास देत असेल तर त्याच्यापाशीच शोधा. घरातले सगळे दिवे एकदम मंदावले असतील तर हब किंवा इंटरनेट पाहा.

आणखी एक तपासून घ्या: उशीर दिव्याला होतोय की फक्त ॲपमधल्या चिन्हाला? काही ॲप दिव्याची स्थिती ठरावीक वेळाने विचारून घेतात. दिवा वेळेवर लागत असेल आणि पडद्यावर तो उशिराने चालू दिसत असेल, तर दिव्याच्या वाटेत दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही.

कायम सारखाच उशीर: सेटिंगमधले तीन चोर

पहिला आणि सर्वांत जास्त सापडणारा चोर म्हणजे दोनदा दाबण्याची सोय. एकदा दाबलं तर दिवा, दोनदा दाबलं तर पंखा, असं ज्या बटणात करता येतं त्याला पहिल्या दाबानंतर थांबावंच लागतं, कारण दुसरा दाब येणार आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं. हे थांबणं काही शे मिलिसेकंदांचं असतं आणि माणसाला ते सहज जाणवतं. बटणाच्या सेटिंगमध्ये बहुदाब ओळख बंद करता येत असेल तर बंद करा. तिथे प्रतीक्षेचा कालावधी बदलता येत असेल तर कमी करा. काही बटणं साध्या दाबाची बातमी बोट उचलल्यावर देतात, कारण दाबून धरलंय का हे त्यांना आधी पाहायचं असतं. अशा बटणासाठी ऑटोमेशनमध्ये ‘दाबलं’ अशी सुरुवातीची घटना मिळत असेल तर ‘सोडलं’ ऐवजी ती निवडा. रोज शंभर वेळा लागणाऱ्या दिव्याच्या बटणावर दोनदा दाबण्याचं काम टाकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती कामं वेगळ्या बटणाला द्या.

बॅटरीवरच्या बटणाचं सेटिंग बदलताना ते जागं असावं लागतं. ॲपमध्ये बदल जतन करण्याच्या अगदी आधी बटण एकदा दाबा, नाहीतर बदल हबमध्येच पडून राहतो आणि आपल्याला वाटतं की सेटिंगचा उपयोग झाला नाही.

दुसरा चोर हळूहळू उजळण्याचा. बऱ्याच स्मार्ट बल्बना शून्यापासून पूर्ण उजेडापर्यंत जायला अर्धा ते एक सेकंद दिलेला असतो. आदेश वेळेवर पोहोचलेला असतो, पण सुरुवातीचा उजेड इतका मंद की डोळ्यांना तो जाणवत नाही. हा संक्रमणाचा काळ शून्यावर किंवा ०.१ सेकंदावर आणून पुन्हा मोजा. फरक तिथल्या तिथे दिसतो.

तिसरा चोर दिव्यातच बसलेला असतो. काही एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरला (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटला) वीज मिळाल्यावर उजेड द्यायला स्वतःचाच वेळ लागतो. भिंतीतल्या स्मार्ट रिलेवर (वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या यंत्रावर) साधा एलईडी दिवा असेल तर रिलेचा खटका कधी वाजला ते ऐका. खटका लगेच वाजला आणि उजेड नंतर आला, तर नेटवर्क निर्दोष आहे. तोच दिवा साध्या यांत्रिक स्विचवर लावून पाहिला की खात्री पटते. इथे दिवा किंवा ड्रायव्हर बदलणं एवढाच उपाय. स्विचबोर्ड उघडायची वेळ आली तर मेन स्विच बंद करूनच, आणि वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

इंटरनेटचा फेरा

ही तपासणी सोपी आहे. राउटर चालू ठेवा आणि त्याला इंटरनेट आणून देणारी केबल तेवढी काढा. आता बटण दाबा. दिवा पूर्वीसारखाच लागला, तर सगळा कारभार घरातल्या घरात चालतोय. दिवा लागलाच नाही, तर तुमचा प्रत्येक दाब बाहेरच्या सर्व्हरवर जाऊन परत येतो आणि संध्याकाळी नेट मंदावलं की दिवेही मंदावतात.

बटण एका कंपनीचं आणि बल्ब दुसऱ्या कंपनीचा असेल तर हा फेरा दुप्पट होतो. एका कंपनीचा सर्व्हर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला कळवतो आणि मग आदेश घरी येतो. अशी जोडी शक्य तितक्या लवकर एका स्थानिक हबखाली आणा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकाचा मोठा फायदा इथेच मिळतो. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं घरातल्या नेटवर्कवर आपसांत बोलू शकतात, दिवा लावायला बाहेर जावं लागत नाही. मात्र तुम्ही लिहिलेलं ऑटोमेशन हबमध्ये चालतंय की कंपनीच्या सर्व्हरवर, हे मॅटर असूनही तपासावं लागतं. केबल काढून पाहण्याची चाचणी त्यालाही लागू आहे.

बॅटरी

ॲपमधल्या टक्क्यांवर भिस्त ठेवू नका. सीआर२०३२ सारख्या नाण्याच्या आकाराच्या बॅटरीचा विद्युतदाब तिच्यातून वीज ओढली जात नसताना जवळपास ३ व्होल्ट दिसतो. पण ती जुनी होत जाते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि रेडिओने प्रक्षेपणासाठी वीज ओढली की हा विद्युतदाब एकदम कोसळतो. मग संदेश अर्धवट राहतो आणि बटण पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. थंडीत हे आणखी वाढतं. ॲप ६० टक्के सांगत असलं तरी संशयित बटणात नवी बॅटरी घालून पाहा. याहून स्वस्त चाचणी दुसरी नाही. बदलताना संपर्कपट्ट्या स्वच्छ करून घ्या.

वाय-फायवरचं बॅटरी-बटण हे वेगळंच प्रकरण आहे. बॅटरी वाचवण्यासाठी ते गाढ झोपतं. दाबल्यावर उठतं, राउटरशी जोडलं जातं, पत्ता मागून घेतं आणि मग संदेश पाठवतं. यात एक-दोन सेकंद सहज जातात. उपकरणात स्थिर आयपी पत्ता भरता येत असेल तर त्यातला थोडा वेळ वाचतो. तरीही दिव्यासाठी हे बटण योग्य नाही, हे मान्य करून त्याला दुसरं काम द्यावं.

झिगबी आणि थ्रेड: जाळं कुठे फाटतं

झिगबी आणि थ्रेड या स्मार्ट उपकरणांच्या, वाय-फायहून वेगळ्या रेडिओ पद्धती आहेत. अनियमित विलंबाची बहुतेक कारणं या भागात सापडतात.

झिगबीमध्ये कायम विजेवर असलेली उपकरणं, म्हणजे प्लग, बल्ब, भिंतीतले रिले, एकमेकांचे संदेश पुढे देतात. बॅटरीवरचं बटण यांपैकी एकाला आपला पालक मानतं आणि त्याच्यामार्फतच बोलतं. आता कोणीतरी जुन्या सवयीने भिंतीवरच्या स्विचने स्मार्ट बल्बची वीजच तोडली. तो बल्ब पालक असेल तर बटणाची वाट बंद होते. ते काही वेळा प्रयत्न करतं, उत्तर मिळत नाही, मग नवा पालक शोधतं. यात सेकंद निघून जातात. बल्बमार्फत जाणाऱ्या इतर वाटाही तुटतात आणि तिसऱ्याच खोलीतला दिवा रखडतो, म्हणून कारण लवकर लक्षात येत नाही. विलंब कधी कधी येत असेल तर त्या वेळी घरात कुठल्या बल्बची वीज बंद होती, हे आधी पाहा. उपाय दोन: त्या बल्बचा भिंतीवरचा स्विच कायम चालू राहील अशी व्यवस्था करा, किंवा स्मार्ट बल्बऐवजी स्विचच स्मार्ट करा.

न्यूट्रल वायरशिवाय चालणारे भिंतीतले स्विच बहुतेक वेळा संदेश पुढे देत नाहीत. भिंतीत दहा स्विच आहेत म्हणजे जाळं मजबूत आहे, असं धरून चालू नका. हबच्या नकाशात राउटर (म्हणजे संदेश पुढे देणारं उपकरण, वाय-फायचा राउटर नव्हे) म्हणून दिसणारी उपकरणंच मोजा. हब आणि अडचणीची खोली यांच्या मध्यावर एखादा नेहमी चालू राहणारा स्मार्ट प्लग लावला की जाळं खरोखर सुधारतं. प्लग लावल्यानंतर काही तास द्या. काही बटणं मात्र जुन्या पालकाला चिकटून राहतात. त्यांना त्याच जागी, त्या प्लगच्या शेजारी, पुन्हा पेअर करावं (नव्याने जोडावं) लागतं. हबपाशी नेऊन पेअर केलं तर ती पुन्हा हबलाच पालक धरण्याची शक्यता असते.

यानंतर हबची जागा पाहा. लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा वाय-फाय राउटरला चिकटून हब ठेवू नका. राउटरपासून निदान एक-दोन मीटर दूर असू द्या. लोखंडी सळयांच्या काँक्रीटच्या भिंती, मोठे आरसे, पाण्याच्या टाक्या आणि धातूचे स्विचबॉक्स हे सगळे लहरी अडवतात. हब म्हणून संगणकाला यूएसबी डोंगल (छोटा रेडिओ) लावला असेल तर तो थेट यूएसबी ३.० च्या खाचेत कधीही ठेवू नका. यूएसबी ३.० ची उपकरणं आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ-गोंगाट सोडतात, हे इंटेलने २०१२ सालीच मोजून दाखवलं होतं. साधी यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल मीटरभर लांब न्या. एवढ्या एका केबलने संपूर्ण घर सुधारल्याची उदाहरणं भरपूर आहेत, म्हणून चॅनेल बदलण्याच्या आधी हे करा.

आता चॅनेल. झिगबी आणि थ्रेड दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर ११ ते २६ असे सोळा चॅनेल वापरतात आणि वाय-फायही त्याच पट्ट्यात असतं. वाय-फाय चॅनेल १ असेल तर झिगबीचे ११ ते १४ झाकले जातात, ६ असेल तर १६ ते १९, आणि ११ असेल तर २१ ते २४. त्यामुळे १५, २० आणि २५ हे मधल्या फटीतले चॅनेल त्यातल्या त्यात मोकळे राहतात. २६ ही मोकळा असतो, पण काही उपकरणं तिथे कमी शक्तीने बोलतात किंवा जोडलीच जात नाहीत, म्हणून तो टाळा. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झची रुंदी ४० ठेवली असेल तर या फटीही बुजतात. ती २० मेगाहर्ट्झ करा आणि चॅनेल आपोआप बदलण्याची सोय बंद करून १, ६ किंवा ११ पैकी एक पक्का करा. आधी वाय-फायचा चॅनेल हलवून पाहा. झिगबीचा बदलला तर काही उपकरणं, खासकरून बॅटरीवरची, पुन्हा पेअर करावी लागू शकतात आणि त्यात अख्खी सुट्टी जाते.

वाय-फायवरचे विजेचे स्विच

संगणकावरून स्विचच्या पत्त्यावर सतत पिंग (उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारा छोटा संदेश) सोडा आणि काही मिनिटं आकडे पाहा. कायम ५-१० मिलिसेकंद असतील तर उत्तम. मधूनच २००, ८०० असे उसळत असतील किंवा उत्तर गायब होत असेल, तर सिग्नल अशक्त आहे किंवा चॅनेल गजबजलेला आहे. सिग्नलची ताकद उणे ६७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून चांगली, म्हणजे शून्याच्या जवळची, हवी. उणे ८० च्या पलीकडे विश्वास ठेवता येत नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये डीटीआयएम नावाचा आकडा असतो. वीज वाचवणारी उपकरणं राउटरचे ठरावीक इशारेच ऐकतात. प्रसारण-संदेशांसाठी किती इशाऱ्यांनी जागं व्हायचं, ते या आकड्यावर ठरतं. इशारा साधारण १०२ मिलिसेकंदांनी येतो. आकडा ३ असेल तर असा संदेश तीनशे मिलिसेकंदांपर्यंत ताटकळू शकतो, म्हणून तो १ करून पाहा. फोनची बॅटरी किंचित जास्त खर्च होईल. प्रत्येक स्विचला राउटरवर पत्ता राखून ठेवा आणि शक्य असेल तर या उपकरणांसाठी फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव असलेलं नेटवर्क करा.

झेड-वेव्ह

ही स्मार्ट उपकरणांची आणखी एक रेडिओ पद्धत. ती १ गिगाहर्ट्झच्या खाली, देशागणिक वेगळ्या लहरींवर चालते, त्यामुळे वाय-फायची गर्दी तिला बाधत नाही. इथे दोन गोष्टी पाहा. पहिली, मृत नोंदी. काढून टाकलेलं किंवा जळालेलं उपकरण हबच्या यादीत राहिलं की हब त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करत राहतो आणि बाकीचे संदेश रांगेत थांबतात. अशा नोंदी काढून टाका. दुसरी, सुरक्षा. एस-० या जुन्या पद्धतीत प्रत्येक आदेशाआधी एक जादा देवाणघेवाण होते, त्यामुळे वाहतूक कित्येक पटींनी वाढते. दिव्याचा स्विच तसा जोडला असेल तर काढून एस-२ ने पुन्हा जोडा.

हबवरचा भार

एका बटणाने आठ बल्ब लागत असतील आणि ते एकामागोमाग एक पेटत असतील, तर ऑटोमेशन आठ वेगवेगळे आदेश पाठवतंय. त्यांचा झिगबी गट करा. मग एकाच संदेशात सगळे एकदम लागतात. मात्र गटाचा संदेश जाळ्यातलं संदेश पुढे देणारं प्रत्येक उपकरण पसरवतं आणि त्याची नोंद काही सेकंद ठेवतं. थोड्या वेळात असे बरेच संदेश सोडले, समजा डिमरची चकती गरागरा फिरवली, तर ती यादी भरते आणि नवे संदेश गळतात. म्हणून मोठ्या गटाला डिमर जोडताना पायऱ्या कमी ठेवा.

वीजवापर मोजणारे प्लग हे लपलेले गुन्हेगार आहेत. दर सेकंद-दोन सेकंदांनी वॅट, व्होल्ट, अँपिअर कळवणारे पाच-सहा प्लग जाळं सतत व्यापून टाकतात. त्यांचं कळवणं मिनिटावर आणा, किंवा ठरावीक वॅटचा फरक पडला तरच कळवा असं सांगा. हबच्या नोंदींत सर्वांत जास्त वेळा कोणाचं नाव दिसतं ते मोजलं की गुन्हेगार सापडतो. ऑटोमेशनमध्ये दिवा लावण्याआधी हवामान विचारणं, सूचना पाठवणं अशी कामं टाकली असतील तर क्रम बदला: दिव्याचा आदेश सर्वांत आधी, बाकीचं नंतर.

मधली वाटच काढून टाकणं

जिना, न्हाणीघर, स्वयंपाकघर अशा ठिकाणी मी हबवर अवलंबूनच राहणार नाही. झिगबीत बाइंडिंग आणि झेड-वेव्हमध्ये असोसिएशन नावाची सोय असते. तिने बटण आणि दिवा यांची थेट गाठ बांधता येते. मग हब बंद पडला, ऑटोमेशन अडकलं, तरी दिवा लागतो, आणि हबकडे जाऊन निर्णय घेऊन परत येण्याचा वेळही वाचतो. बटण बाइंडिंगला परवानगी देतं की नाही हे विकत घेण्याआधी पाहून घ्या, सगळी देत नाहीत. गाठ बांधल्यावर त्या बटणावरचं जुनं ऑटोमेशन आठवणीने काढा. ते राहिलं तर दोन आदेश जातात आणि दिवा लागून लगेच विझतो.

काही बदललं की पुन्हा त्याच जागेवरून, त्याच वेळी, त्याच कॅमेऱ्याने मोजा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. संध्याकाळी त्रास होत असेल तर सकाळी तपासून झालं म्हणू नका. बॅटरी, पालक, चॅनेल, सेटिंग सगळं पाहूनही एकच बटण अडत असेल, तर चांगलं चालणारं तशाच प्रकारचं बटण त्या जागी आणि हे त्याच्या जागी नेऊन लावा. उशीर बटणाबरोबर गेला तर त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, तरीही फरक पडला नाही तर बटण बदला. उशीर जागेवरच राहिला तर दोष त्या भिंतीचा आहे, आणि तिथे रिपीटर आणणं आता योग्य ठरेल.